गाडी खाली का बसवतात? स्प्रिंगचा एक पाठ



सातवी-आठवीच्या मुलांच्या मोबाईलमध्ये जमिनीला टेकायला आलेल्या गाड्यांचे व्हिडिओ हमखास सापडतात. 'लोअरिंग' हा शब्द त्यांना पाठ असतो. ही आवड विज्ञानाच्या तासाला फार कामाची आहे. आणि हीच मुलं पाच-सहा वर्षांत स्टेअरिंगवर बसणार आहेत, म्हणून तिच्यामागचं गणित त्यांना आत्ताच कळायला हवं.

स्प्रिंग काय करते?

गाडीचं वजन चाकांजवळच्या स्प्रिंगांवर पेललेलं असतं. जितकं बल जास्त, तितकी स्प्रिंग जास्त दबते. रॉबर्ट हूक यांनी हा नियम १६७८ मध्ये मांडला. समजा, एका चाकावर ३००० न्यूटन भार आहे आणि स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन लागतात. तर ती ३००० ÷ २० = १५० मिमी दबेल.

गाडी खाली आणण्यासाठी बाजारात आखूड स्प्रिंग मिळतात. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. शर्यतीच्या गाड्या बुटक्या असतात त्या यासाठीच. म्हणजे कल्पना चुकीची नाही. पण खड्डा आला की चाकाला वर सरकायला आता कमी जागा उरते. गाडी तळाला आपटू नये म्हणून चांगल्या कंपन्या ही स्प्रिंग आखूड करताना मुद्दाम जास्त कडकही करतात.

वर्गात करून पाहा

जुन्या बॉलपेनच्या दोन सारख्या स्प्रिंग घ्या. एक स्प्रिंग टांगून तिला पाव किलो साखरेची पिशवी अडकवा. ती किती ताणली ते पट्टीने मोजा. मग दोन्ही स्प्रिंग एकाखाली एक जोडा आणि तीच पिशवी अडकवा. ताण जवळपास दुप्पट होतो.

म्हणजे जास्त वेढ्यांची स्प्रिंग मऊ आणि कमी वेढ्यांची कडक. आता विचारा, "गाडीची मूळ स्प्रिंग ग्राइंडरने कापली तर काय होईल?" मुलं सांगतील, ती आखूड होईल आणि कडकही होईल. पुढचं आपण सांगायचं. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लटकलं तर स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. पैसे वाचवायला केलेला हा उद्योग सगळ्यात धोक्याचा.

बाकीच्या भागांचं काय?

उसळलेली स्प्रिंग शांत करण्याचं काम शॉक अब्सॉर्बरचं. तो मूळ स्प्रिंगच्या कडकपणाला धरून बनवलेला असतो. स्प्रिंग फारच कडक झाली तर तो पुरा पडत नाही, गाडी उड्या मारते आणि चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. उंची बदलली की चाकांचा कोनही बदलतो. अलाइनमेंट केलं नाही, तर टायर एका बाजूने झिजतात.

गतिरोधकाचं गणित

समजा, रिकाम्या गाडीचं पोट जमिनीपासून १६५ मिमी वर आहे. ३५ मिमी खाली आणली, उरले १३०. आता ६० किलोची चार माणसं बसली, म्हणजे सुमारे २४०० न्यूटन, चार चाकांवर ६०० प्रत्येकी. नवी स्प्रिंग मिलिमीटरला २५ न्यूटनची असेल, तर गाडी आणखी २४ मिमी दबेल. उरले १०६.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो इतका पसरट असतो की गाडी मध्यावर असताना चाकंही त्यावर चढलेली असतात, म्हणून पोट घासत नाही. पण आपल्या गल्लीतला अरुंद, उंच गतिरोधक पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध येतो. तिथे पूर्ण उंची मोजावी लागते. मुलांना पट्टी घेऊन शाळेजवळचा गतिरोधक मोजायला लावा. मात्र रहदारी नसताना आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच.

पालकांसाठी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मुलाने हट्ट धरला तर आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला विचारा, मगच गॅरेज गाठा. नुसतं "नाही" म्हटलं तर मुलगा मित्राच्या गॅरेजमध्ये जाईल. वरचं गणित त्याच्याकडूनच सोडवून घेतलंत, तर निदान स्प्रिंग कापायला तो नक्कीच तयार होणार नाही.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात पाच माणसं बसली तर पोटाखाली किती जागा उरेल?
२. मालट्रकला जाड पोलादी पाटे का लावतात?
३. स्प्रिंग आखूड पण मऊ ठेवली, तर खड्ड्यात काय होईल?