रॅम्प आहे ना, मग झालं!

पुण्यात फूटपाथचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण व्हीलचेअरवाले रस्त्यावर दिसतात तरी किती?" दिसत नाहीत, हे खरं. पण याच शहरात 1944 पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात जवळजवळ 30 लाख दिव्यांग नोंदले गेले. ही माणसं आहेत. फक्त घरापासून चौकापर्यंत त्यांना जाता येत नाही, म्हणून ती चौकात दिसत नाहीत. शिवाय गुडघे बदललेल्या आजी, वॉकर घेतलेले आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई यांची त्यात गणतीच नाही.

"अहो, पण रॅम्प केलाय ना तिथे!" हा सगळ्यात चिवट गैरसमज. केलेला असतो, पण कसा? उताराचं सर्वमान्य प्रमाण आहे 1:12, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार फूटपाथची उंची जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर असावी. तेवढ्यालाच 1.8 मीटर लांब उतार लागतो. आपल्याकडे फूटभर उंच फूटपाथ काही दुर्मीळ नाहीत. तिथे साडेतीन मीटरहून लांब रॅम्प हवा, आणि तेवढी जागा नसते. मग तीन फुटांत सिमेंटचा एक ढीग थापला जातो आणि कामाचं बिल निघतं. अशा चढावर व्हीलचेअर मागे कलंडते. उतरताना माणूस पुढे फेकला जातो. पायथ्याशी दोन-तीन सेंटिमीटरची कड राहिली, तर पुढची छोटी चाकं तिथेच अडतात. तेव्हा उपाय लांबलचक रॅम्प हा नाहीच. मुळात फूटपाथच कमी उंचीचा बांधायला हवा.

तीच गत सोसायट्यांच्या फाटकांची. गाडी सुखाने आत जावी म्हणून दर फाटकापाशी फूटपाथ तोडतात, आणि चालणारा दर वीस पावलांवर उतरतो, चढतो. खरं तर उलट हवं. फूटपाथ एका पातळीत सलग जावा, चढ-उतार गाडीने करावा. तिला इंजिन आहे.

आता बोलार्ड, म्हणजे फूटपाथच्या तोंडाशी रोवलेले खांब. "ते नसतील तर दुचाकी फूटपाथवर घुसतील," हे पुणेकराला पटवून द्यावं लागत नाही. निम्मे आपणच घुसलेलो असतो. पण एक साधं माप घ्या. स्कूटरचं हँडल साधारण 70 सेंटिमीटर रुंद, व्हीलचेअरही जवळपास तेवढीच. म्हणजे जी फट स्कूटर अडवते, ती व्हीलचेअरही अडवते. खांबांनी मोटारी थांबतात; दुचाकी थांबवायला दंडाची पावतीच लागते. मुंबईच्या फूटपाथांवरच्या अशाच खांबांची उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली होती.

पिवळ्या खडबडीत फरशा शोभेच्या नाहीत. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये त्या शोधल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. पांढऱ्या काठीला आणि तळपायाला हे कळतं, आणि ज्यांना अंधुक दिसतं त्यांना पिवळा रंग उपयोगी पडतो. मात्र रेघांची पट्टी थेट विजेच्या डीपीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर नेऊन सोडली, तर ती नसलेली बरी. तिच्यावर भरवसा ठेवणारा तिथे आपटतो.

"पेठांत जागाच नाही हो!" चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि काही गल्ल्यांत ती निघणार नाही, हे मान्य. तिथे फूटपाथचा हट्ट सोडून अख्खी गल्ली एका पातळीत आणून वाहनांचा वेग उतरवता येतो. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला होता, तेव्हा तिथे जागा किती आहे हे सगळ्यांनी पाहिलं.

राहिला "महापालिकेचे उपकार" हा समज. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. त्याखालचे सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं. दिव्यांगांना वापरता येतील असे मोकळे फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, हे 14 मे 2025 ला. पुणे महापालिकेने तर पादचारी धोरण 2016 मध्येच मंजूर केलं होतं. कागद आपल्याकडे कधीच कमी नव्हते.

आपला फूटपाथ कसा आहे याची खात्री करायची तर चाकांची प्रवासी बॅग घ्या आणि घराच्या फाटकापासून पीएमपीच्या थांब्यापर्यंत ओढत न्या. जिथे ती उचलावी लागेल तिथे टेपने माप घ्या, फोटो काढा. तक्रारीत "फूटपाथ खराब आहे" असं लिहू नका. कुठल्या दुकानासमोर, किती सेंटिमीटरची पायरी, ते लिहा.