परत केलेला फोन

जून २००७ मध्ये ॲपल कंपनीचा पहिला आयफोन अमेरिकेतील दुकानांत विक्रीस येण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे तो केवळ चार पत्रकारांच्या हाती देण्यात आला होता. वॉल स्ट्रीट जर्नलचे वॉल्ट मॉसबर्ग, न्यूयॉर्क टाइम्सचे डेव्हिड पोग, न्यूजवीकचे स्टीव्हन लेव्ही आणि यूएसए टुडेचे एडवर्ड बेग हे ते चौघे. ज्या वस्तूसाठी लोक दुकानांबाहेर रात्रभर रांगा लावून बसणार होते, तिच्याविषयी त्या घटकेला कंपनीबाहेरचे जाणकार मत म्हणजे या चौघांचेच मत होते. त्यांनी फोनची मुक्त कंठाने स्तुती केली, आणि त्याचबरोबर ज्या एकाच दूरध्वनी कंपनीच्या जाळ्यावर तो चालत होता ते इंटरनेटसाठी फार मंद आहे, हेही स्पष्ट लिहिले.

व्यापारात मुरलेल्या वाचकाच्या मनात येथे पहिला प्रश्न येतो तो असा, की हा माल त्यांना कोणत्या अटीवर मिळाला होता? दाम मोजून, भेट म्हणून, की पाहून परत करण्याच्या बोलीवर?

मॉसबर्ग यांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच जाहीर करून ठेवले होते. ते मूळचे वॉशिंग्टनमधील बातमीदार. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार हे त्यांचे क्षेत्र. १७ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये वैयक्तिक तंत्रज्ञानाविषयी साप्ताहिक स्तंभ सुरू केला. संगणक वापरायला अवघड आहेत आणि त्यात वापरणाऱ्याचा काही दोष नाही, हे त्या पहिल्याच लेखाचे प्रतिपादन होते. तोपर्यंत असले लेखन तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी केलेले असे. मॉसबर्ग यांनी ते घरातल्या सामान्य माणसाच्या बाजूने केले. पुढे त्यांचा शब्द इतका चालू लागला की त्यांच्या एका लेखाने वस्तूची विक्री वाढे किंवा बसे. अशा माणसाकडे कंपन्या काय काय पाठवू शकतात, याची कल्पना करणे कठीण नाही. त्यांनी आपली आचारसंहिता छापून वाचकांसमोर ठेवली. कंपन्यांकडून पैसा किंवा भेटवस्तू घ्यायची नाही, ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांचे समभाग बाळगायचे नाहीत आणि परीक्षणासाठी आलेली यंत्रे परत करायची.

बँकांच्या व्यवहारात याचे एक जवळचे उदाहरण आहे. कर्जासाठी जागा तारण ठेवताना तिचे मूल्यांकन करणारा तज्ज्ञ बँकेच्या यादीवरचा असतो. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो, पण त्याचे शुल्क बहुधा कर्जदाराच्या खात्यातून वसूल होते. ही व्यवस्था चालते, कारण त्याची नेमणूक बँक करते आणि खोटा अहवाल दिल्यास यादीतून नावही बँकच काढते. तंत्रज्ञानाच्या परीक्षकाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याचा अहवाल ग्राहकासाठी असतो, पण परीक्षणासाठी फोन कोणाला पाठवायचा याची यादी कंपनीच्या हाती असते. कठोर लिहिणाऱ्याला पुढच्या वेळी फोन वेळेवर आला नाही, तर तक्रार कुठे करणार?

शिवाय वेळही कंपनीच ठरवते. फोन बहुधा आठ-दहा दिवस आधी मिळतो आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काहीही प्रसिद्ध करायचे नाही, अशी अट असते. त्यामुळेच एखाद्या नव्या फोनची डझनभर परीक्षणे एकाच मिनिटाला प्रकट होतात. त्या आठ-दहा दिवसांत कॅमेरा, पडदा, वेग हे सारे दिसते. पण जे काळाने उघड होते ते दिसत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ आला तेव्हा परीक्षकांनी त्याची भरभरून प्रशंसा केली. दोन आठवड्यांत बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन माघारी बोलावले, बदलून दिलेले फोनही पेटले, आणि ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचे थांबवावे लागले. अमेरिकेने तर तो विमानात नेण्यावर पूर्ण बंदी घातली. दोष दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत होता, असे कंपनीनेच पुढील जानेवारीत जाहीर केले. परीक्षक अप्रामाणिक नव्हते. बॅटरीच्या पोटातील दोष त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.

मात्र कधीकधी ते आठ दिवसही पुरतात. एप्रिल २०१९ मध्ये त्याच कंपनीचा घडी घालता येणारा गॅलॅक्सी फोल्ड, किंमत १,९८० डॉलर, विक्रीआधी पत्रकारांकडे पाठवला गेला. दोन दिवसांत काहींचे पडदे बिघडले. काहींनी पडद्यावरचा पातळ थर संरक्षक कागद समजून सोलून काढला होता. तो प्रत्यक्षात पडद्याचाच भाग होता. पण ज्यांनी हातही लावला नव्हता, त्यांच्यापैकी काहींचे फोनही बंद पडले. २६ एप्रिलची विक्री पुढे ढकलून कंपनीला रचना बदलावी लागली आणि फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला. एवढी रक्कम मोजणाऱ्या ग्राहकांवर येणारे संकट त्या मूठभर पत्रकारांच्या टेबलांवरच थांबले.

या सर्वांहून वेगळी वाट अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या नियतकालिकाची आहे. १९३६ पासून ही ना-नफा संस्था जाहिराती घेत नाही आणि तपासायची वस्तू सामान्य ग्राहकासारखी दुकानातून विकत घेते. जुलै २०१० मध्ये तिने दुकानांतून घेतलेले आयफोन ४ प्रयोगशाळेत तपासले. फोनच्या डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकले की सिग्नल क्षीण होतो, म्हणून या फोनची शिफारस करता येणार नाही, असा निर्वाळा तिने १२ जुलैला दिला. चारच दिवसांनी स्टीव्ह जॉब्स यांना पत्रकार परिषद घेऊन सर्व ग्राहकांना मोफत आवरण देण्याची घोषणा करावी लागली. ज्याने माल रोखीने घेतला आहे, त्याच्या बोलण्याला वेगळेच वजन असते. अर्थात ही वाट खर्चिक आहे. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी इतकी मोठी संस्था प्रत्येक भाषेत उभी राहणे शक्य नाही.

मग परीक्षकाचा चरितार्थ कशावर चालतो? पूर्वी वृत्तपत्र पगार देई. आता बहुतेकांचे उत्पन्न जाहिरातींतून, प्रायोजकांकडून आणि दलालीतून येते. लेखाखाली किंवा व्हिडिओखाली दिलेल्या दुव्यावरून खरेदी झाली, तर विकणारी कंपनी त्याला ठरावीक टक्के देते. न्यूयॉर्क टाइम्सने २०१६ मध्ये विकत घेतलेले वायरकटर मुख्यतः याच उत्पन्नावर उभे राहिले. आडत आणि दलाली ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांना यात दचकण्यासारखे काही वाटू नये. ग्राहकाने माल परत केला तर ही दलाली सहसा रद्द होते, म्हणजे चांगला माल सुचवण्यात दलालाचाही स्वार्थ आहे. अडचण दलालीत नाही, ती लपवण्यात आहे.

कठोर परीक्षणाने उद्योग बुडतात, हा आक्षेपही अलीकडे ऐकू येतो आणि उद्योजकांच्या घरांत त्याला सहानुभूती मिळणे स्वाभाविक आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील ह्युमेन या नव्या कंपनीचे एआय पिन नावाचे यंत्र आले. छातीवर लावायचे, बोलून चालवायचे, तळहातावर प्रकाशाने अक्षरे उमटवायचे. किंमत ६९९ डॉलर आणि वर दरमहा २४ डॉलर. शाळकरी वयात, २००९ मध्ये, व्हिडिओ करू लागलेले मार्केस ब्राऊनली यांनी, आतापर्यंत आपण तपासलेली ही सर्वांत वाईट वस्तू आहे, असे शीर्षकातच म्हटले. यंत्र तापते, उत्तरे उशिरा आणि अनेकदा चुकीची देते, असे त्यांनी दाखवले. इतर परीक्षकांचे मतही फारसे वेगळे नव्हते. तरीही, कोट्यवधी प्रेक्षक असलेल्या माणसाने एका नवख्या कंपनीवर असा घाव घालावा का, यावर मोठा वाद झाला.

या वादाचा निकाल काळाने दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपी कंपनीने ह्युमेनची बहुतांश मालमत्ता ११ कोटी ६० लाख डॉलरना घेतली, आणि २८ फेब्रुवारीला त्या पिनची सेवा बंद झाली. शेवटच्या ९० दिवसांत खरेदी करणाऱ्यांनाच परतावा मिळाला. बाकीच्यांच्या छातीवर सातशे डॉलरचे निर्जीव धातूचे बिल्ले उरले. ब्राऊनली यांचे ऐकून ज्यांनी खरेदी टाळली, त्यांचे मुद्दल वाचले. आणि घेणाऱ्यांचे जे बुडाले, त्याचा हिशेब त्या वादात कोणी मांडल्याचे दिसत नाही.

भारतात हा विषय आता कायद्याच्या कक्षेत आला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे आणली. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सरकारने वेगळी पुस्तिकाही काढली. पैसा, फुकट वस्तू, सवलत, प्रवास यांपैकी काहीही मिळाले असेल तर ते सहज दिसेल किंवा ऐकू येईल असे सांगायचे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगायचे. मराठीत फोनची वाखाणणी करून ‘प्रायोजित’ हा शब्द मात्र इंग्रजीत, बारीक अक्षरांत कोपऱ्यात टाकणे त्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

त्याहून रोचक दखल आयकर खात्याने घेतली आहे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार व्यवसायात मिळालेल्या लाभाचे मूल्य वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक असेल तर १० टक्के करकपात होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच जूनमध्ये काढलेल्या परिपत्रकात समाजमाध्यमांवरील परीक्षकांचा थेट उल्लेख आहे. वापरून पाहिलेली वस्तू कंपनीला परत केली तर तो लाभ नव्हे. स्वतःकडे ठेवली तर लाभ. मॉसबर्ग यांनी स्वतःवर घालून घेतलेली रेषा आपल्याकडे अखेर करकपातीच्या नियमात आखली गेली. घरातील तरुण मंडळी एखाद्या परीक्षकाचे नाव घेऊन फोनचा आग्रह धरतील, तेव्हा तो फोन त्याने परत केला का, एवढे विचारायला हरकत नाही. बरेच परीक्षक आता हे व्हिडिओतच सांगतात.

सध्या एका नव्या वचनाची चर्चा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ बरोबर, आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ बरोबर, सात वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे आश्वासन दिले. परीक्षकांनी या आश्वासनाला गुण दिले, आणि ते योग्यच होते, कारण फोन वर्षानुवर्षे वापरणाऱ्या आणि नंतर आईवडिलांना देणाऱ्या घरांत याचा खरा उपयोग आहे. तथापि ही मुदतीची हुंडी आहे. पहिलीची मुदत ऑक्टोबर २०३० मध्ये भरते, दुसरीची जानेवारी २०३१ मध्ये. परीक्षणासाठी आलेले ते फोन आठ दिवसांनी कंपनीकडे परत गेलेले आहेत. हुंडी वटली की नाही हे पाहायला त्या वेळी हातात फोन असेल तो विकत घेणाऱ्याच्याच.