आधी वाटाण्याची कुंडी

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकमध्ये घरोघरी एकच प्रश्न निघतो, पुढे काय? ज्याला उत्तर ठाऊक असते त्याचे कौतुक होते. ‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्याची सगळ्यांना काळजी वाटू लागते. मग कल चाचणी, समुपदेशन, मामा-काकांचे सल्ले. या धावपळीमागची समजूत अशी की आवड मुलाच्या आत तयारच असते, नीट विचार केला की सापडते. ही समजूतच मला चुकीची वाटते. जे काम कधी हाताळले नाही, त्याची आवड असणार कुठून? सतरा वर्षांच्या मुलाने शाळा, क्लास आणि फार तर आईवडिलांचे काम एवढेच जवळून पाहिलेले असते. त्याचे ठरत नाही, कारण ठरवण्याजोगे त्याच्या हाती काही आलेलेच नसते. ते विचाराने येत नाही, करून पाहिल्याने येते.

त्र्यंबकेश्वरला 30 एप्रिल 1870 रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, नंतर बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, मग छपाईचा धंदा. भागीदारांशी पटेना म्हणून तोही सुटला. चाळिशीच्या या माणसाला आपण आज धरसोड वृत्तीचा म्हटले असते. त्याच सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. इथून पुढची गोष्ट आपण ‘ध्यास घेतला आणि सिनेमा काढला’ अशी एका वाक्यात संपवतो, आणि नेमका शिकण्याजोगा भाग गाळतो. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फाळके 1912 मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेतला. परत आल्यावर त्यांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि अंकुराच्या वाढीची रोज थोडी थोडी फिल्म घेतली. तो चिमुकला लघुपट दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, तेव्हा मागचे कुठलेच शिक्षण वाया गेलेले नव्हते. चित्रकला नेपथ्याला, जादू चमत्कारदृश्यांना आणि फोटोग्राफी सगळ्यालाच उपयोगी पडली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही फिल्म धुण्याचे काम शिकल्या.

यावर कोणी म्हणेल, फाळके एखादाच. प्रयोग करून बुडालेल्यांची चरित्रे कोण लिहितो? आक्षेप खरा आहे. खुद्द फाळक्यांचे अखेरचे दिवसही हलाखीत गेले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. म्हणूनच त्यांच्या उडीचे अनुकरण करा असे मी म्हणत नाही. अनुकरण करावे ते कुंडीचे. मोठा खर्च करण्याआधी छोटा, स्वस्त, दुसऱ्याला दाखवता येईल असा प्रयोग. दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: आमच्या घराला एक वर्षही वाया घालवणे परवडत नाही. पण वाट बदलली की सगळे शून्यापासून, हे आता पूर्वीइतके खरे नाही. आयटीआयनंतर पात्रतेनुसार डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे कारखान्यात विद्यावेतन घेत काम शिकता येते, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती तर दाराशीच आहेत. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची तर 1989 मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकचेच आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या काही वाटांना मात्र वयाची कडक अट असते. तिथे रेंगाळून चालत नाही. खरी हानी होते ती स्पर्धा परीक्षांत, जिथे कचेरीचे दैनंदिन काम एकदाही न पाहता मुले पाच-सहा वर्षे अभ्यासिकेत घालवतात.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती, की यंदाच्या सुट्टीत ‘काय व्हायचंय?’ असे विचारू नका. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, दवाखान्यात, द्राक्षबागेत किंवा वकिलाच्या ऑफिसात मुलाला, मुलीला पंधरा दिवस बसू द्या, हाताने काही करू द्या, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आज काय केलंस ते विचारा.