जाते थांबले, तो तास कुठे गेला?

मुलांचे डबे, नोकरी, रात्रीची आवराआवर... या साऱ्यातून आईने वाचायचे कधी आणि लिहायचे कधी? शहरातील स्त्री हा प्रश्न हल्ली वारंवार विचारते. प्रश्न आजचा वाटला तरी तो जुनाच आहे आणि त्याचे एक उत्तर माणदेशातील स्त्रियांच्या अनुभवात सापडते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड हे माण नदीकाठचे, सिद्धनाथाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले गाव. पाऊस बेताचा, दुष्काळ पाचवीला पुजलेला. महाराष्ट्रातील इतर खेड्यांप्रमाणे येथेही एकेकाळी बाईचा दिवस पहाटे जात्यापाशी सुरू होई. त्या दळणाचे कष्ट मोठे होते. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र घर झोपलेले असताना तेवढा वेळ तिचा स्वतःचा असे. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकराचे कौतुक ओवीतून बाहेर पडे आणि मन हलके होई. अक्षरओळख नसलेल्या आईचे ते लेखनच होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोहोचली.

पुढे पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण त्यांच्यासोबत तो एकांताचा तासही गेला. वाचलेला वेळ आईच्या वाट्याला न येता इतर कामांनी व्यापला. आजच्या मिक्सर आणि वॉशिंग मशीनच्या घरातही वेगळे काय घडते?

म्हणून असा वेळ ठरवून मिळवावा लागतो. म्हसवडच्याच स्त्रियांनी तो मिळविला. चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथे महिलांची बँक उभी राहत होती. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. तेव्हा दिवसभर राबून आलेल्या बायका साक्षरता वर्गात बसू लागल्या. पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या तेव्हा, आम्हाला नीट वाचता येत नसले तरी व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो, असे त्यांनी ठणकावून सांगितले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्रही आले आणि जात्यापाशी विरणारा आवाज ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचला.

याचा आरोग्याशीही संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, ग्रासते. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप उडाली असेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल, तर डॉक्टरांकडेच जावे. वही हा त्यावरचा उपचार नव्हे. पण रोजच्या शिणवट्यात मनातले शब्द कागदावर उतरले, चार पाने वाचून झाली, तर आपण केवळ कुणाची आई नाही, एक स्वतंत्र माणूस आहोत, याची जाणीव टिकून राहते.

त्यासाठी मोठा संकल्प नको. एक साधी वही, ठरलेली वीस मिनिटे आणि जमतील तेवढ्या ओळी पुरेत. उशीर झाला म्हणून खंतही नको. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर अक्षरओळख झाली आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

मात्र ही वीस मिनिटे एकट्या आईने झोप मोडून काढायची नाहीत. तेवढा वेळ बाळाला वडिलांनी घ्यावे, आजी-आजोबांनी घ्यावे, मोठ्या मुलांनी आपले ताट आपण वाढून घ्यावे. जात्यापाशी बसलेल्या आईला कुणी हाक मारीत नसे, कारण तिच्या हातून घराचे पीठ पडत होते. वही घेऊन बसलेल्या आईलाही तशीच हाक न मारण्याची सवय घराने लावून घ्यायला हवी.