त्रिकोणी खाचराचे क्षेत्रफळ : अंदाज नको, मोजणी हवी

तंजावरच्या कावेरी खोऱ्यात नदीच्या शाखा आणि कालवे जसे वळतात, तसे भातखाचरांचे बांधही वळतात. वळणावर बहुधा त्रिकोणी खाचर उरते. महाराष्ट्रात ओढ्याकाठी किंवा रस्त्याच्या कडेला असेच तुकडे आढळतात. बियाणे, खत, मजुरी आणि खंड हे सारे क्षेत्रावर ठरत असल्याने अशा तुकड्याचे माप अचूक असणे आवश्यक आहे.

ठोकताळ्यातील दोष

समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करण्याची रीत जुनी आहे. त्रिकोणात चौथी बाजू शून्य धरतात. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये ही रीत ‘स्थूल’ म्हणूनच नोंदवली. त्रिकोणाच्या बाबतीत ती नेहमी जास्त क्षेत्र दाखवते.

उदाहरणार्थ, खाचराच्या बाजू 39, 42 आणि 45 मीटर आहेत. ठोकताळ्याने 39 व 45 यांची सरासरी 42, गुणिले 42 चे निम्मे 21, म्हणजे 882 चौरस मीटर येतात.

अचूक रीत

1. 42 मीटरची बाजू पाया धरावी. समोरच्या कोपऱ्यापासून पायावर काटकोनात दोरी ताणावी. ही उंची 36 मीटर भरते. पाया गुणिले उंची, भागिले दोन : 756 चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसात गुंठे. काटकोन साधण्यासाठी 3, 4 व 5 मीटर बाजूंचा दोरीचा त्रिकोण पुरेसा आहे.

2. उभ्या पिकात उंची मोजता येत नसल्यास केवळ बांध मोजावेत. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे 63. त्यातून प्रत्येक बाजू वजा केल्यास 24, 21 व 18 उरतात. या चारही संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ 756 येते.

फरकाची किंमत

ठोकताळ्याने क्षेत्र सुमारे 17 टक्के वाढले. हेक्टरी 150 किलो नत्र द्यावयाचे असल्यास या एका खाचरात सुमारे 4 किलो युरिया जादा पडतो. खर्च वाढतोच, शिवाय जादा नत्राने भात लोळतो, करपा व तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव बळावतो.

चौकोनी शेतासाठी

चार बाजू ठाऊक असल्या तरी चौकोनाचे क्षेत्र निश्चित होत नाही. तोच चौकोन कलता होऊ शकतो. त्रिकोण मात्र तीन बाजूंनी पक्का होतो. म्हणूनच लॅम्ब्टन यांनी 1802 मध्ये दक्षिण भारतात सुरू केलेली महासर्वेक्षणाची मोजणी त्रिकोणांच्या साखळीवर उभी होती. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना त्यांचा सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोर तुटून आदळला. तो दुरुस्त करूनच त्यांनी काम पुढे नेले.

शेतकऱ्याला मात्र एक टेप पुरतो. चारही बांधांसोबत एक कर्ण मोजावा, दोन त्रिकोणांची क्षेत्रे काढून बेरीज करावी. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक गावात एका खाचरावर हे प्रात्यक्षिक घ्यावे व आलेले क्षेत्र शेतकऱ्याच्या वहीत लिहून द्यावे.