अंगणात गॅस ग्रिल लावायचे? आधी रेग्युलेटरचे गणित समजून घ्या

ग्रिल ऑनलाइन मागवता येते, सुरक्षितता खोक्यात येत नाही. खरेदी, जोडणी आणि पहिल्या भरतापर्यंतची सविस्तर माहिती

भरताचे वांगे गोवरीच्या निखाऱ्यावर भाजायचे की स्वयंपाकघरातल्या गॅसवर, हा वाद घाटावरच्या घरांना नवा नाही. आता त्यात तिसरा पर्याय आला आहे. झाकण असलेले, चाकांवर उभे राहणारे गॅस ग्रिल. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ दिसतात, ऑर्डर दिली की खोके घरपोच येते. ग्रिलसाठी लागणारी सर्वांत महाग गोष्ट म्हणजे मोकळी जागा. बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावात ती अनेक घरांना अंगणाच्या किंवा परसाच्या रूपाने आधीच मिळालेली असते.

पण त्या खोक्यात सिलिंडर नसतो आणि आपल्या सिलिंडरला चालेल असा रेग्युलेटरही बहुतेक वेळा नसतो. पैसे वाया जातात ते इथेच, आणि धोका सुरू होतो तोही इथेच.

ग्रिल आणि शेगडी यांत फरक काय?

शेगडीत ज्योत थेट भांड्याला लागते. ग्रिलमध्ये तळाशी लांब नळीसारखे बर्नर असतात. त्यांच्यावर कौलासारख्या उतरत्या पत्र्याच्या पट्ट्या, त्यावर जाड जाळी आणि सर्वांत वर झाकण. झाकण लावले की आत गरम हवा कोंडते आणि पदार्थ खालून भाजतो तसा वरूनही शिजतो.

झाकणाच्या ग्रिलची कल्पना लोकप्रिय झाली ती अमेरिकेत. १९५२ मध्ये शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधील जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या गोल बोयाचे दोन भाग करून झाकणाची शेगडी बनवली. ती कोळशाची होती. गॅसची ग्रिल्स पुढे घरोघरी पोचली.

गॅसवर धुराची चव येते का, हा नेहमीचा प्रश्न. गॅसला स्वतःची चव नसते. पदार्थातले तेल, तूप किंवा चरबी तापलेल्या पट्ट्यांवर ठिबकते, तिथे तिचा धूर होतो आणि तो पदार्थाला लागतो. त्यामुळे मसाला लावलेल्या मांसाला ही चव बरी येते, कोरड्या भाजीला कमी. त्यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे, तो म्हणजे धुंगार. वाटीत पेटता निखारा ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडायचे आणि भांडे दोन-तीन मिनिटे झाकायचे.

किती मोठे ग्रिल घ्यावे?

दुकानदार बर्नरची संख्या सांगतो. पाहायची असते ती बीटीयू ही संख्या, म्हणजे ताशी किती उष्णता मिळते त्याचे माप. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर ताशी साधारण अर्धा किलो गॅस सोडण्यासाठी बनवलेला असतो. अर्धा किलो एलपीजीतून सुमारे २१ हजार बीटीयू उष्णता मिळते. तीन बर्नरचे मोठे ग्रिल ३० हजार बीटीयूचे असेल, तर पूर्ण आचेवर त्याला ताशी जवळपास ७०० ग्रॅम गॅस हवा. तेवढा गॅस या रेग्युलेटरमधून येणार नाही. तिन्ही बर्नर पेटतील, पण आच मंद राहील. मोठ्या ग्रिलसाठी मोजलेले जास्तीचे पैसे फुकट जातील.

याच टप्प्यावर अनेकजण चूक करतात. आच वाढवण्यासाठी हॉटेलच्या भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर बसवला जातो. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब सुमारे ३० मिलिबारवर आणतो आणि ग्रिलचे नॉब, जेट व नळी तेवढ्याच दाबासाठी बनलेली असतात. दाब वाढला की ज्योत बर्नर सोडून उडते आणि सांधे गळू लागतात. चार-सहा माणसांच्या घराला १२ ते २० हजार बीटीयूचे दोन बर्नरचे ग्रिल पुरते.

दोन बर्नर मात्र हवेतच. एक पेटवून दुसरा बंद ठेवता आला तर एका बाजूला थेट आच आणि दुसऱ्या बाजूला नुसती गरम हवा मिळते. एकाच बर्नरच्या ग्रिलवर ही सोय नसते. जाळी बिडाची असेल तर उत्तम, ती उष्णता धरून ठेवते. हात लावून पाहता येत असेल तर झाकण आणि पाय हलवून पाहावेत. लटपटणारे ग्रिल स्वस्तातही महागच पडते.

सिलिंडर कोणता वापरावा?

घरगुती जोडणीबरोबर रेग्युलेटर एकच मिळतो. तो दर वेळी स्वयंपाकघरातून काढून अंगणात न्यायचा, किंवा बाजारातून दुसरा घ्यायचा, असे दोन मार्ग लोक काढतात. पहिला त्रासाचा आहे. दुसऱ्यात बनावट रेग्युलेटर गळ्यात पडण्याची भीती आहे.

त्यापेक्षा पाच किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ आणि एचपीचा ‘अप्पू’ याच प्रकारातले. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालते. त्याला बसणारा रेग्युलेटरही त्याच गॅस एजन्सीकडून घ्यावा. ताशी ३०० ग्रॅम गॅस जाळणाऱ्या ग्रिलवर हा सिलिंडर सोळा तासांच्या आसपास चालतो. आठवड्यातून एकदा दीड तास ग्रिल लावले तर अडीच महिने निघतात.

सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवरचा कोड वाचावा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ही सिलिंडरच्या पुढील तपासणीची मुदत असते. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावा.

परदेशातून आणलेले ग्रिल चालेल का?

आखातातून किंवा अमेरिकेतून येणारे नातेवाईक कधी कधी ग्रिल घेऊन येतात. अमेरिकी ग्रिलची जोडणी आट्यांवर फिरवून बसते, आपला घरगुती रेग्युलेटर दाबून बसतो. दाबही देशानुसार बदलतो. जर्मनीत ५० मिलिबारची ग्रिल्स असतात. नैसर्गिक वायूसाठी बनवलेल्या ग्रिलच्या जेटचे छिद्र मोठे असते, त्यावर एलपीजी लावली तर ज्योत भडकते. मागच्या बाजूच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो. तो जुळत नसेल तर जेट घासून किंवा पोखरून ‘जुळवणे’ हा उपाय नाही.

जोडणी कशी करावी?

एक पेचकस, एक पाना आणि दोन तास एवढे पुरते. सपाट जागी जुने पोते अंथरून सगळे भाग मांडावेत आणि पुस्तिकेतल्या यादीशी ताडून पाहावेत. पत्र्यावरचा पातळ प्लास्टिकचा थर आधी सोलून काढावा, नाही तर तो पहिल्याच आगीत चिकटतो. नट-बोल्ट सुरुवातीला सैल ठेवावेत. सांगाडा सरळ उभा राहिल्यावर शेवटी सगळे एकदम आवळावेत. पहिलाच बोल्ट घट्ट आवळला तर चौथ्याचे छिद्र जुळत नाही.

सर्वांत महत्त्वाची जागा नॉबच्या मागे असते. तिथले जेटचे टोक बर्नरच्या नळीच्या तोंडात आत गेलेले दिसले पाहिजे. ते बाहेर राहिले तर गॅस नळीत न जाता नॉबमागे पेटतो.

सिलिंडर ते ग्रिल ही नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळीच असावी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड नको आणि पाच वर्षांनी ती बदलावी. अंगणातल्या नळीला स्वयंपाकघरात नसलेले दोन शत्रू असतात, ऊन आणि उंदीर. काम झाले की ती काढून घरात ठेवावी.

साबणाच्या पाण्याची दोन मिनिटे

नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगले तर तिथून गॅस गळतो आहे. काडी पेटवून गळती शोधू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि गटारात साठते. त्यामुळे ‘उघड्यावर आहे, उडून जाईल’ हा समज घातक ठरू शकतो. ही चाचणी सिलिंडर बदलताना दर वेळी करावी. गळती थांबत नसेल तर रेग्युलेटर बंद करून माणसांना दूर न्यावे आणि १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कळवावे.

ग्रिल कुठे ठेवावे, कसे पेटवावे?

कडब्याची गंजी, गोठा, प्लास्टिकची ताडपत्री आणि वाळत घातलेले कपडे यांपासून ग्रिल लांब ठेवावे. पत्र्याच्या शेडखाली किंवा ओसरीत ते लावू नये. वारा ग्रिलच्या पाठीमागून येत असेल तर आतली उष्णता पुढच्या नॉबकडे ढकलली जाते, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून ग्रिल वळवावे. सिलिंडर नेहमी उभा आणि ग्रिलच्या बाजूला असावा. आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रवरूप गॅस नळीत शिरतो.

पेटवताना झाकण उघडे हवे. झाकणाखाली साठलेला गॅस एकदम पेट घेतो. पाच सेकंदांत ज्योत आली नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटे थांबावे.

थंडीत एक अडचण हमखास येते. घाटावर हिवाळ्याची रात्र गार असते. गॅस भरभर वापरला की सिलिंडर आणखी थंड पडतो, त्याच्यावर दव जमते आणि आच उतरते. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतणे किंवा तो ग्रिलजवळ सरकवणे जिवावर बेतू शकते. एक बर्नर बंद करून थोडे थांबले की काम भागते.

पहिल्या दिवशी काय भाजावे?

आधी काहीच नाही. नवे ग्रिल पूर्ण आचेवर वीस मिनिटे रिकामे तापवावे, म्हणजे कारखान्यातले तेल जळून जाते. मग नव्या लोखंडी तव्यासारखाच जाळीला तेलाचा हात फिरवावा.

सुरुवात भरताच्या वांग्याने करावी. वांग्याला तेल लावून, दोन-तीन ठिकाणी टोचून ते मध्यम थेट आचेवर ठेवावे. वीस ते पंचवीस मिनिटांत, चारी बाजूंनी फिरवत, देठापर्यंत मऊ होते. हिरव्या मिरच्या, कांदा आणि पातीसह मक्याचे कणीस त्याच्या शेजारीच भाजून निघते.

रोडग्यांना थेट आच चालत नाही. बाहेरून करपतात, आत पीठ कच्चे राहते. एक बर्नर बंद ठेवून रोडगे त्या बाजूला मांडावेत आणि झाकण लावावे. आतले तापमान १८० ते २०० अंशांवर राहिले तर अर्ध्या-पाऊण तासात ते फुटू लागतात. राखेतल्या रोडग्याची चव त्यांना येणार नाही, हे आधीच मान्य करावे. हुरड्याची आगटीही ग्रिलवर होत नाही.

चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे. टोचून तापमान दाखवणारा थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ चिरून पाहावे, मांस गुलाबी दिसले तर आणखी भाजावे. कच्च्या मांसाचे ताट आणि चिमटा शिजलेल्या मांसाला लावू नये. घरात शाकाहारी माणसे असतील तर दुसरी जाळी वेगळी ठेवणे चांगले. चरबी पेटून ज्वाळा उठल्या तर पाणी मारू नये. पदार्थ बाजूला सारून बर्नर बंद करावेत.

पावसाळ्यानंतर तपासणी का?

चार महिने झाकून ठेवलेल्या ग्रिलच्या नळ्यांत कोळी जाळे विणतो, कुंभारीण मातीचे घर बांधते. नळी बुजली की हवा मिळत नाही, ज्योत निळ्याऐवजी पिवळी होते आणि गॅस मागे फिरून नॉबजवळ पेटू शकतो. दसऱ्याच्या साफसफाईत बर्नर काढून बारीक ब्रशने नळ्या साफ कराव्यात. तळाचा चरबीचा ट्रे मात्र दर वेळी रिकामा करावा. त्यात साठलेली चरबी पेट घेऊ शकते.

कबाबची गाडी लावता येईल का?

ग्रिल घरी आले की विक्रीचा विचार मनात येतोच. पण घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार बेकायदा आहे. आठवडी बाजारात किंवा सणाच्या दिवसांत गाडी लावायची असेल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. खाद्यपदार्थ विक्रीची नोंदणीही करावी लागते.

थोडक्यात काय?

• बर्नर मोजण्याआधी बीटीयू वाचा. २० हजारांच्या आत राहा.
• रेग्युलेटर आणि नळी एजन्सीकडूनच घ्या.
• सिलिंडर बदलला की साबणाचे पाणी लावा.
• पेटवताना झाकण उघडे, सिलिंडर उभा.
• चूल, आगटी आणि ग्रिल यांची तुलना करू नका. प्रत्येकीचा पदार्थ वेगळा आहे.