लाज भांड्यात नव्हती!

आमच्या घरी मोठ्याचे मटण शिजायचे तेव्हा आई आधी खिडकी लावायची. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, सोसायटीत फ्लॅट घेतला. खिडकी मात्र बंदच राहिली. पाहुण्यांना चिकन आणि दार लावून बीफ! बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आम्ही ही चोरी का करतो?

हा प्रश्न पडला तो एका भांड्यामुळे. अमेरिकेत स्लो कुकर नावाचे विजेचे भांडे घरोघरी असते. कष्टकरी बाई सकाळी त्यात बीफ, बटाटे, कोबी भरते, बटण दाबून कामाला जाते. आठ तासांनी परतावे तर कालवण तयार. हे भांडे बनवणारा आयर्विंग नॅक्सन हा ज्यू. त्याची आई लिथुआनियाची. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून तिच्या गावचे ज्यू शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्याचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि दुसऱ्या दिवशी काढत. आईने सांगितलेली ही आठवण नॅक्सनने विजेवर आणली. १९४० साली पेटंट मिळाले. १९७१ साली हे भांडे क्रॉक-पॉट नावाने विकले जाऊ लागले.

कोबी-बीफची कथाही अशीच. आयर्लंडच्या गरिबाला गाईचे मांस परवडत नसे. १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश न्यूयॉर्कला आले. तिथे ज्यू खाटकाकडे खारवलेले बीफ स्वस्त मिळाले, भाजीत कोबी स्वस्त. आज १७ मार्चला त्यांचे वंशज हेच ताट सणाचे म्हणून मिरवतात. हलाखीतले अन्न त्यांनी अभिमानाचे केले.

आमचे काय झाले? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. समाजाने ते सोडले, कारण प्रश्न स्वाभिमानाचा होता. पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात दाखवून दिले की गोमांस खाण्यावरूनच एका समूहावर अस्पृश्यता लादली गेली. म्हणजे लाज भांड्यात नव्हती, ती बाहेरून आणून टाकली गेली!

आणि भीती? ती खोटी नाही. २०१५ साली दादरीत घरात गोमांस असल्याच्या नुसत्या संशयावरून मोहम्मद अखलाक यांना जमावाने ठार केले. त्याच वर्षी महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणून खिडकी लावणाऱ्या आईला कोणी भित्री म्हणू नये. मात्र म्हैस-रेड्याचे मांस या बंदीत नाही, हेही आमच्या माणसांना ठाऊक असावे.

तेव्हा परवानाधारक खाटकाकडून म्हशीचे एक किलो मांस आणा. पायाचे, शिरांचे घ्या. तेच स्वस्त आणि तेच चवदार. चिवट शिरा मंद आचेवर तासन्‌तास शिजल्या की विरघळतात, रस्सा आपोआप दाटतो. कांदा, आले-लसूण, तिखट-मीठ घालून मांस तेलात परता. बटाटे, गाजर टाका. पाणी बेताचेच, कारण कोबीलाही पाणी सुटते. कुकर असेल तर आठ तास, नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून बारीक गॅसवर तीन तास. अर्ध्या किलो कोबीच्या मोठ्या फोडी शेवटच्या तासात घाला, नाहीतर त्याचा लगदा होतो. सोबत भाकरी.

ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये, तोही आमचाच. पण जो खातो त्याने निदान आपल्या लेकरांसमोर तरी 'मटण' म्हणून खोटे वाढू नये. खिडकी उघडण्याचा दिवस लढून आणावा लागेल. तोवर घरातल्या घरात तरी या अन्नाचे नाव मोठ्याने घ्यायला शिकू या!